डिस्लेक्सिया (वाचन-लेखनातली विशिष्ट अडचण) : तीन अध्यापन पद्धतींची चाचपणी. कामाच्या नोंदी, जून ते सप्टेंबर २०२५

१७ जून

प्रश्न आधी एका वाक्यात बसवला आणि कपाटावर चिकटवला : तिसरी ते पाचवीतल्या, जोडाक्षरांपाशी अडणाऱ्या मुलांना सारखाच वेळ दिला, तर कोणत्या पद्धतीने त्यांना न शिकवलेले शब्दही वाचता येऊ लागतात? यातल्या दोन गोष्टी महत्त्वाच्या : 'सारखाच वेळ' आणि 'न शिकवलेले'. या दोन अटी नसल्या की कुठलीही पद्धत यशस्वी दिसते. मुलाला रोज अर्धा तास एकट्याला जवळ बसवले तर ते काहीतरी शिकतेच. तो फायदा वेळेचा आणि लक्ष देण्याचा असतो, पण श्रेय पद्धतीला जाते.

तीन पद्धती ठरल्या. पहिली क्रमबद्ध ध्वनी-अक्षर पद्धत : ध्वनी तोडणे, जोडणे, अक्षर, शब्द, श्रुतलेखन, सगळे उघड सांगून. दुसरी हीच, पण प्रत्येक नव्या अक्षराला वाळूत आणि काचपेपरवर बोट फिरवण्याची जोड. तिसरी आवृत्ती-वाचन : एकच छोटा उतारा ठरलेल्या वेळा मोठ्याने वाचायचा.

पहिली आणि दुसरी इतकी सारखी मुद्दाम ठेवली. बहुसंवेदी शिक्षणाची (डोळे, कान आणि स्पर्श एकत्र वापरून शिकवण्याची) ख्याती अमेरिकेतले मेंदूविकारतज्ज्ञ सॅम्युएल ऑर्टन आणि शिक्षिका ॲना गिलिंगहॅम यांच्या १९३० च्या दशकातल्या कामापासूनची आहे. पण त्या पद्धतीत उघड, क्रमवार शिकवणेही असते आणि स्पर्शही असतो, त्यामुळे कशाने किती फरक पडला ते वेगळे होत नाही. २०१४ मध्ये यादृच्छिक (मुलांना चिठ्ठ्या टाकल्यासारखे गटांत वाटणाऱ्या) चाचण्यांचे एक एकत्रित विश्लेषण प्रसिद्ध झाले. त्यात सांख्यिकीदृष्ट्या पक्का परिणाम फक्त ध्वनी-अक्षर शिक्षणाचा निघाला. ऑर्टन-गिलिंगहॅम पद्धतीवरच्या २०२१ च्या विश्लेषणात पायाभूत वाचनकौशल्यांचा कल फायद्याकडे होता, पण तो सांख्यिकीदृष्ट्या ठोस ठरला नाही. ही चाचपणी सहा मुलांची आहे, तिने तो वाद मिटणार नाही. देवनागरीत मोजमाप कसे करायचे, ते मात्र तिच्यातून पक्के करता येईल.

२० जून

सहा मुले का? तीन पद्धती आणि तीन शब्दगट यांच्या जोड्या सहा प्रकारांनी लावता येतात. प्रत्येक मुलाला एक प्रकार दिला की प्रत्येक पद्धत प्रत्येक शब्दगटावर दोनदा वापरली जाते. मग एखादा शब्दगट मुळातच कठीण असला तरी त्याचा भार एकाच पद्धतीवर पडत नाही.

निवडीचा क्रम : वर्गशिक्षिकेने सुचवलेले नाव, मग श्रवण आणि दृष्टी तपासणीचा कागद, मग चाळणी (अडचणीची शक्यता आहे का ते पाहणारी छोटी चाचणी). चाळणीसाठी मानेसरच्या राष्ट्रीय मेंदू संशोधन केंद्राची 'डाली' ही साधने मराठीत आहेत. पहिली-दुसरीसाठी एक आणि तिसरी ते पाचवीसाठी दुसरे. चाळणी म्हणजे निदान नव्हे, हे पालकांच्या संमतीपत्रात पहिल्याच परिच्छेदात लिहिले. दिव्यांग व्यक्तींचे हक्क अधिनियम, २०१६ मध्ये विशिष्ट अध्ययन अक्षमतेचा (डिस्लेक्सिया तिच्यातच मोडतो) समावेश आहे, पण प्रमाणपत्राची वाट वेगळी आणि लांब आहे. आपल्या कामासाठी प्रमाणपत्राची अट नाही. ती ठेवली असती तर ज्यांचे पालक रुग्णालयाच्या फेऱ्या मारू शकतात तीच मुले उरली असती.

घरी मराठी न बोलणारी मुले या फेरीत घेतली नाहीत. त्यांना मदत नको असे मुळीच नाही. पण शब्द ओळखीचा नसणे आणि अक्षर न जुळणे या दोन अडचणी आपल्या मोजमापात सरमिसळ होतील. वर्गशिक्षिकांना सांगून या मुलांचा नेहमीचा जादा तास चालू ठेवला आहे.

नोंदवह्यांवर नावे नाहीत, फक्त संकेत : म१ ते म६. मुलांसमोर 'डिस्लेक्सिया' हा शब्द कोणी वापरायचा नाही. ही 'वाचनाची जागा', एवढेच.

२५ जून

पूर्ण दिवस शब्दयाद्यांवर गेला, आणि तो जायलाच हवा होता. याद्या चुकल्या तर पुढचे आकडे कितीही नीट नोंदवले तरी उपयोग नाही.

तीन गट : रफार (सर्प, बर्फ, खर्च), रकार (चक्र, ग्रह, क्रम) आणि स्त (मस्त, रस्ता, वस्ती). प्रत्येक गटात १२ शिकवायचे शब्द आणि १२ कधीच न शिकवायचे. प्रत्येक बारात ८ शब्द दोन अक्षरी, ४ तीन अक्षरी. अक्षर मोजताना जोडाक्षर एकच धरायचे : पर्वत तीन, पुस्तक तीन, प्रवास तीन. शब्द बालभारतीच्या पहिली ते तिसरीच्या पुस्तकांतून घेतले आणि पुस्तकात किती वेळा आला तो आकडा शेजारी लिहिला, म्हणजे एका यादीत सगळे रोजचे आणि दुसरीत सगळे क्वचितचे असे होणार नाही.

गाळलेले शब्द आणि कारणे लिहून ठेवतो, कारण पुढच्या फेरीत कोणीतरी हेच शब्द परत आणेल.

मित्र, पत्र, चित्र : यांत 'त्र'चे रूप प्र-क्रच्या रकारासारखे दिसत नाही. ट्रक आणि ड्रममध्ये तो अक्षराच्या खाली टोपीसारखा बसतो. 'श्र' आणखी निराळा. म्हणजे रकार ही एक गोष्ट नाही, डोळ्यांना त्या चार आहेत. या फेरीत फक्त तिरक्या रेघेचा रकार.

मिर्ची : प्रमाण लेखन मिरची.

प्रश्न, स्वस्त : एकाच शब्दात दोन जोडाक्षरे. कुठे अडले ते कळत नाही.

सूर्य : बोलीत सुर्व्या, सूर्या अशी रूपे घरोघरी आहेत.

सर्कस, गर्दी : यांच्यापाशी बराच वेळ थांबलो. मराठीत शब्दाच्या मधला 'अ' बोलताना गळतो. 'सरकस' असे लिहिलेले आणि 'सर्कस' असे लिहिलेले मोठ्याने वाचले तर कानाला एकच ऐकू येते. म्हणजे मुलाने रफार ओळखला की नाही हे नुसत्या वाचनावरून सांगता येत नाही. उलट मुलाने श्रुतलेखनात 'सरकस' लिहिले तर त्याने नीट ऐकले आहे आणि आपल्या तर्काने बरोबरच लिहिले आहे. ती चूक लेखनसंकेताची आहे, ध्वनीची नाही. हे दोन्ही शब्द वाचनयादीतून काढले. पण ही अडचण कमीजास्त प्रमाणात सगळ्याच रफार शब्दांना आहे, म्हणून निरर्थक शब्द लागणारच.

२८ जून

छपाईचा पहिला नमुना नाकारला. 'ल' आणि 'श' हिंदी वळणाचे उमटले होते. मुले पाठ्यपुस्तकात मराठी वळणाचा ल पाहतात, आणि ज्यांना अक्षराचा आकार लक्षात ठेवणे हीच अडचण आहे त्यांच्यापुढे दुसरा आकार ठेवायचा नाही. फॉन्टमध्ये दोन्ही रूपे असली तरी मजकुराची भाषा 'मराठी' निवडल्याशिवाय मराठी रूप येत नाही. दुकानात पाठवताना पीडीएफच पाठवायची, नाहीतर तिथल्या संगणकावर ते पुन्हा बदलते.

अक्षरांमधले अंतर वाढवण्याचा फायदा २०१२ मध्ये इटालियन आणि फ्रेंच मुलांवर दाखवला गेला आहे. तो उपाय जसाच्या तसा इथे आणता येत नाही, कारण देवनागरीत अंतर वाढवले की शिरोरेषा तुटते आणि शब्द एकसंध दिसत नाही. त्याऐवजी शब्दांमधले अंतर दुप्पट आणि दोन ओळींमधले अंतर दीडपट केले. ओळींमधले अंतर जास्त गरजेचे : वरच्या ओळीचा उकार आणि खालच्या ओळीचा रफार एकमेकांना चिकटले की कोण कुणाचे ते कळत नाही. अक्षर २४ पॉइंट, कागद किंचित पिवळसर, चकाकी नसलेला.

२ जुलै

निरर्थक शब्द. नियम सोपा : मराठीत उच्चारता येईल, पण अर्थ नसेल. पाळायला अवघड. 'नुस्त' घातला तर मुले सरळ 'नुसतं' वाचतात. 'लिस्त'चे 'लिस्ट' होते, 'गोस्त' काही घरांत रोजचा शब्द आहे. 'बोकस' वाचून मूल 'बोगस' म्हणाले तर तो अंदाज की क-गचा गोंधळ, ठरवता येत नाही. उरलेले : मर्ट, दुर्प, टुस्त, बोग्र आणि त्यांच्या जातीचे, प्रत्येक गटात ८.

यादी शाळेतल्या स्वयंपाकाच्या ताईंना आणि एका रिक्षावाल्या काकांना वाचून दाखवली. घराघरांतल्या बोलीतले जे शब्द शिक्षकांना माहीत नसतात ते त्यांना असतात. दोन शब्द तिथे गळाले.

जलद नामकरणाची (ओळखीच्या चित्रांची नावे भराभर सांगण्याची) पाटीही आज झाली : पाच चित्रे, दहा-दहा वेळा, एकूण ५०. 'चावी' काढली, अर्धी मुले 'किल्ली' म्हणतात आणि मध्येच थांबून विचार करतात. 'चेंडू' काढला, 'बॉल' म्हणतात. घर, झाड, गाय, पान, फूल ठेवले. प्रत्येकाला एकच नाव आणि तेही छोटे.

५ जुलै

साहित्य तयार. मोजमापे :

वाळूचा ट्रे ३० × ४० सेंमी, तळाला गडद निळा कागद, वर एक सेंटीमीटर थर. थर जाड झाला तर बोटाने तळ दिसत नाही, आणि तळ दिसला नाही तर अक्षर दिसत नाही. रव्याला मुंग्या लागतात, रांगोळी नाकात जाते. चाळलेली, धुतलेली, वाळवलेली बारीक वाळूच बरी.

काचपेपरची अक्षरे ८ सेंमी उंच, १२० नंबरच्या कागदातून. ८० नंबरचा खरखरीत असतो, चार-पाच अक्षरांनंतर बोटाचे टोक हुळहुळते आणि मूल हात मागे घेते. सुरुवातीच्या जागी लाल ठिपका, शिरोरेषा शेवटी. काही मुले शिरोरेषा आधी मारून मग अक्षरे टांगतात. त्याने शब्द किती लांब होणार याचा अंदाज आधीच करावा लागतो आणि शेवटचे अक्षर चेंगरते.

अक्षरपट्ट्या ५ × ५ सेंमी पुठ्ठ्याच्या. मात्रा, वेलांट्या, उकार, रफार हे पारदर्शक ओएचपी शीटवर, म्हणजे व्यंजनावर ठेवता येतात. पहिल्याच प्रयत्नात शीट उलटी पडली आणि पहिली वेलांटी दुसरी झाली. प्रत्येक शीटचा उजवा वरचा कोपरा तिरका कापला. कापलेला कोपरा उजवीकडे वर नसेल तर शीट उलटी आहे. मुलांनाही हे लगेच कळते.

१० जुलै

सत्र १५ मिनिटांचे. दिवसाला दोन पद्धती, मध्ये पाच मिनिटे पाणी आणि मोकळीक. तिन्ही एकाच दिवशी घेतल्या तर पाऊण तास होतो आणि तिसरी पद्धत कायम थकलेल्या मुलाला मिळते. सहा दिवसांत प्रत्येक पद्धत चारदा येते. क्रम चिठ्ठ्या टाकून. एका मुलाला तिन्ही पद्धती एकाच बाईंनी शिकवायच्या, नाहीतर आपण पद्धती न मोजता बाई मोजू.

पहिल्या पद्धतीची १५ मिनिटे : ओळखीच्या पट्ट्या २, तोंडी ध्वनी तोडणे-जोडणे ३, नवे जोडाक्षर ४, शब्दवाचन ४, श्रुतलेखन २. दुसरीत हेच टप्पे, फक्त 'नवे जोडाक्षर' वाळू आणि काचपेपरवर, बोट फिरवताना तोंडाने ध्वनी म्हणत. तोंड बंद ठेवून बोट फिरवले तर तो चित्रकलेचा तास होतो. तिसरीत त्या गटाचे १२ शब्द असलेला ६० ते ८० शब्दांचा उतारा, चार वेळा, प्रत्येक वेळी घड्याळ लावून. वेळ मुलाला सांगायची नाही.

रफार शिकवताना ओळ एकच ठेवली : र बोलायला आधी, बसायला पुढच्याच्या डोक्यावर. पट्ट्यांनी 'र्' आधी डावीकडे ठेवायचा, उच्चार करायचा, मग उचलून पुढच्या अक्षरावर ठेवायचा आणि पुन्हा वाचायचे. ही हालचाल पहिल्या पद्धतीतही आहे. तिला स्पर्शाची जोड म्हणायचे का यावर वाद झाला. ठरले की पट्टी हलवणे दोन्हीकडे समान ठेवायचे. बोटाने गिरवणे तेवढे दुसऱ्या पद्धतीत.

चूक सुधारण्याची रीत तिन्हीत एकच. 'नीट बघ', 'विचार कर' म्हणायचे नाही. मूल नीटच बघत असते. तीन सेकंद थांबायचे, अडलेले अक्षर सोडून बाकी झाकायचे, तेवढे वाचून घ्यायचे, मग पूर्ण शब्द.

१४ जुलै

आधारपातळी पूर्ण. प्रत्येक यादी तीन वेगळ्या दिवशी, शिकवण्याआधी. एकदाच घेतली असती तर तो दिवस वाईट होता की मूल खरेच तिथे आहे हे कळले नसते.

गुणांकनाचे नियम आज गोठवले, यानंतर बदल नाहीत :

तीन सेकंदांत स्वतः सुधारले तर बरोबर, शेजारी टिंब. चुकीला संकेत : 'क्र' म्हणजे क्रम उलटला (पर्वतचे पवर्त), 'लो' म्हणजे लोप (सर्पचे सप), 'फो' म्हणजे मध्ये स्वर स्पष्ट ऐकू येईल असा फोडला, 'रू' म्हणजे दिसायला सारख्या अक्षराशी गल्लत (घ-ध, भ-म, ब-व, थ-य, प-ष), 'ध्व' म्हणजे ऐकायला सारख्याशी (क-ख, द-ध, ट-ठ), 'अं' म्हणजे पहिले अक्षर पाहून अंदाज.

बोलीचे उच्चार चूक नाहीत. 'पाणी'चे 'पानी', 'फळा'चे 'फला' घरात तसेच बोलले जाते तर बरोबर. हे ठरवायला प्रत्येक मुलाचे पाच मिनिटांचे मोकळे बोलणे आधीच ध्वनिमुद्रित आहे. बोलण्यात 'ण' येतो आणि वाचताना 'न' होतो, तरच नोंद.

ऱ्हस्व-दीर्घाच्या चुका वेगळ्या रकान्यात, एकूण गुणांत नाहीत. मराठी बोलण्यात इ-ई आणि उ-ऊ यांचा फरक अर्थ ठरवत नाही, आणि शब्दाच्या शेवटी दीर्घ लिहायचे हा नियम कानाने कळत नाही. चांगले वाचणारी मुलेही हे चुकतात. डिस्लेक्सियाची खूण म्हणून ते मोजले तर अर्धा वर्ग यादीत येईल.

२१ जुलै

टाळीचा खेळ थांबवला. शब्द म्हणताना तुकड्यागणिक टाळी, हा प्रकार इंग्रजी साहित्यातून सगळीकडे आला आहे. 'कमळ' म्हणताना मूल दोन टाळ्या वाजवते, क-मळ. ते अचूक आहे. मग पट्ट्या मांडायला सांगितल्या की दोनच मांडते आणि तिसरी कुठून आली म्हणून बघत बसते. 'पाऊस' तसाच : दोन टाळ्या, तीन अक्षरे. ज्या मुलाचा कान आधीच डळमळीत आहे त्याला आपणच सांगत होतो की तुझा कान चुकला.

बदल : टाळीऐवजी मणी. बाई शब्द सावकाश, प्रत्येक अक्षर सुटे करून म्हणतात, मूल मणी सरकवते, मग बोलण्याच्या वेगाने म्हणून शेवटचा 'अ' कसा गळतो ते ऐकायचे. तिन्ही पद्धतींना लागू नाही, पहिल्या दोनच, पण त्या दोहोंत एकाच दिवशी बदलले आणि तारीख नोंदवली.

'च' आणि 'ज' बद्दलही सूचना : चाक आणि चार यांतले च वेगळे, अक्षर एक. 'जात' तर दोन्ही जनी वाचता येतो. पट्टीवर एकच उच्चार चिकटवायचा नाही.

२४ जुलै

पाऊस. वाळू गोळा होते, रेघेच्या कडा ढासळतात. ट्रे रात्री झाकून, वाळू दर दोन दिवसांनी तव्यावर गरम करून, पूर्ण गार झाल्यावरच वापरायची.

१ ऑगस्ट

दोन परीक्षकांची जुळणी. दर चार ध्वनिमुद्रणांतले एक दुसऱ्या बाई स्वतंत्र ऐकतात. त्यांना सत्र कोणत्या पद्धतीचे, शब्द शिकवलेला की नाही, काहीच सांगितलेले नसते. जुळलेल्या खुणा भागिले एकूण खुणा, गुणिले १००. किमान ९० ठेवले आहे.

जुळणी बिघडते ती 'फो' या खुणेवर. 'रस्ता' वाचताना मध्ये स्वर आला की नाही हे वेगवान मुलात ऐकूच येत नाही, आणि एकाला येतो असे वाटते. मुद्रण अर्ध्या वेगाने ऐकूनही मिटेना. शेवटी 'फो' फक्त निरर्थक शब्दांवर मोजायचा ठरवले, कारण तिथे मूल सावकाश वाचते. नियम गोठवल्यावर केलेला हा एकच बदल. आधीच्या सगळ्या मुद्रणांना मागे जाऊन लावला, नाहीतर जुने आणि नवे आकडे जोडता येणार नाहीत.

६ ऑगस्ट

आवृत्ती-वाचनात एका मुलाने पान उलटायच्या आधीच पुढचे वाक्य म्हटले. उतारा पाठ झाला आहे, डोळे कागदावर नाहीत. आलेखात मात्र वेग सुंदर चढतो आहे. शाळांमध्ये 'वाचन सुधारले' म्हणून जे दाखवले जाते त्यात हा प्रकार किती असतो, याचा विचार व्हायला हवा.

या पद्धतीचा उद्देशच सहजता आहे, त्यामुळे आवृत्ती चुकीची नाही. चूक आपल्या मोजण्यात होती. आता प्रत्येक सत्राच्या शेवटी तेच १२ शब्द उताऱ्याबाहेर, उलटसुलट क्रमाने, सुट्या पट्टीवर. आणि प्रत्येक गटाचे तीन उतारे, एका सत्रात एकच. उतारा बदलला की वेग खाली येतो. तो खाली आलेला आकडा खरा.

१३ ऑगस्ट

मजकुरावर रंगीत पारदर्शक कागद ठेवून वाचण्याची विचारणा पालकांकडून वारंवार येते, म्हणून तीन दिवस त्यासाठी काढले. अमेरिकेतल्या मानसशास्त्रज्ञ हेलन अर्लन यांनी १९८० च्या दशकात मांडलेली ही कल्पना. अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञ आणि नेत्रतज्ज्ञांच्या संघटनांनी २००९ च्या संयुक्त निवेदनात रंगीत भिंगांना पुरेसा आधार नसल्याचे म्हटले आहे. तरीही पालकांना 'नाही' म्हणण्यापेक्षा त्यांच्यासमोर मोजून दाखवणे आदराचे वाटते.

रीत : १५ अगदी ओळखीचे छोटे शब्द, दहा ओळींत दहा वेगळ्या क्रमांनी. अंदाजाला वाव राहत नाही. मुलाने जिलेटीन पेपरच्या सहा रंगांतून स्वतः निवडलेला रंग, आणि त्याच जाडीचा पारदर्शक कागद. क्रम : रंगीत, पारदर्शक, पारदर्शक, रंगीत. प्रत्येकी एक मिनिट, चार वेगळी पाने. उलट क्रमामुळे सरावाचा आणि थकव्याचा परिणाम दोन्हीकडे सारखा वाटला जातो. मुलाला 'याने बरे वाचता येईल' असे म्हणायचे नाही. परीक्षक फक्त मुद्रण ऐकतो, त्यामुळे रंग त्याला दिसत नाही.

एखाद्या मुलाला रंगाने वाचताना बरे वाटत असेल तर कागद काढून घ्यायचा नाही. त्यासाठी शिकवण्याची मिनिटे कापायची नाहीत आणि पालकांनी महागडा चष्मा घेऊ नये, एवढे स्पष्ट सांगितले.

२१ ऑगस्ट

वेळ सारखी ठेवली, पण वाचन सारखे झालेले नाही. मुद्रणे ऐकून प्रत्येक सत्रात मुलाने लक्ष्य-शब्द प्रत्यक्ष किती वेळा वाचला ते मोजले. वाळूच्या सत्रात थर सपाट करणे, बाही वर सारणे, बोट पुसणे यांत मिनिटे जातात, आणि त्याच १५ मिनिटांत शब्द पहिल्या पद्धतीपेक्षा ठळकपणे कमी वेळा वाचला जातो. आवृत्ती-वाचनात शब्द चारदा येतो हे ठरलेलेच.

म्हणजे दुसरी पद्धत मागे दिसली तर कारण स्पर्श निरुपयोगी हे असेल किंवा वाचन कमी झाले हे असेल. पुढे दिसली तर तिचे मोल अधिकच. दोन्ही आकडे शेजारी छापायचे : गुण प्रति सत्र आणि गुण प्रति वाचन. शाळेसाठी पहिला महत्त्वाचा, कारण शाळेकडे मिनिटे असतात. कारण समजून घ्यायला दुसरा.

ट्रे सपाट करायला रुंद प्लास्टिकची पट्टी दिली, एका ओढीत काम होते.

टप्प्यांच्या तपासयादीत सर्वांत जास्त सुटलेला टप्पा : श्रुतलेखन. शेवटी असल्यामुळे घंटा झाली की गळतो. आता शब्दवाचनाच्या आधी घेतले जाते.

२५ ऑगस्ट

२४ दिवसांची सत्रे आज संपली. गैरहजेरीची सत्रे दुसऱ्या दिवशी दुप्पट करून भरली नाहीत, पुढे ढकलली, म्हणून एवढा उशीर. अंतिम वाचन झाले : शिकवलेले, न शिकवलेले, निरर्थक.

परवापासून गणपतीची सुट्टी. सुट्टीत घरी काही द्यायचे नाही असे ठरवले. पालकांना अवघड गेले, त्यांना अभ्यास हवा असतो. पण हीच टिकाऊपणाची आयती चाचणी आहे.

८ सप्टेंबर

सुट्टीनंतरचे वाचन, आल्या दिवशी, काहीही उजळणी न करता.

सहा मुलांवरून पद्धतींची क्रमवारी लावणार नाही, पालकसभेतही नाही. चुकांच्या खुणा मात्र उघड बोलतात. उताऱ्यातले शब्द उताऱ्याबाहेर काढले की आवृत्ती-वाचनातले 'अं' वाढतात, मूल पहिले अक्षर धरून जवळचा शब्द म्हणते. ध्वनी-अक्षराच्या दोन्ही पद्धतींत चूक झाली तरी ती अक्षराच्या आत होते : 'क्र' किंवा 'लो'. अशी चूक पट्टीने सुधारता येते, अंदाजाची चूक कुठून धरायची तेच कळत नाही. 'क्र' जवळजवळ सगळा रफारावर, आणि तो कोणत्याही पद्धतीने शिकवला तरी सर्वांत आधी विसरला जातो. बोलण्याचा क्रम आणि लिहिण्याचा क्रम जिथे उलटा, तिथे दोन आठवड्यांचा खंडही जड जातो.

पहिली वेलांटी हीच तर गोष्ट आहे : आधी लिहिली जाते, नंतर उच्चारली जाते. म२ आणि म५ यांच्या वह्यांत 'दिवा', 'किती' मध्ये वेलांटी मागाहून कोंबलेली दिसते. मुख्य फेरीत तिचा स्वतंत्र गट हवा.

१२ सप्टेंबर

मुख्य फेरीसाठी बदल निश्चित केले. मुले १२, म्हणजे जोड्यांचा प्रत्येक प्रकार दोनदा. 'स्त' गटाच्या जागी पहिली वेलांटी, कारण 'स्त'चा क्रम लिहिताना-बोलताना सारखाच असल्याने तो इतरांपेक्षा सोपा पडला. दुसरी पद्धत दोन प्रकारे : १५ मिनिटांची, आणि शब्दवाचनाची संख्या पहिलीइतकी होईपर्यंत चालणारी. दुसऱ्या प्रकाराला किती मिनिटे लागतात ती फक्त नोंदवायची. आवृत्ती-वाचन वेगळे उभे न करता, अक्षर जुळायला लागलेल्या मुलांना पुढचा टप्पा म्हणून द्यायचे का, हे दिवाळीच्या सुट्टीआधी ठरवायचे.

या फेरीतल्या सहाही मुलांची सत्रे थांबवलेली नाहीत. आजपासून आठवड्याला तीन दिवस, क्रमबद्ध पद्धतीने, रफारापासून.

छपाईला : अक्षरपट्ट्या १२ संच, ओएचपी शीटवर वेलांट्या दोन रंगांत, पहिली हिरवी, दुसरी निळी. कोपरा छापतानाच तिरका आखून घ्यावा, हाताने कापलेले कोपरे प्रत्येक शीटवर वेगळे येतात.